बसवलेलं फुलपाखरू

लिहिलं की मन शांत होतं, असं लोक म्हणतात. मला शांत व्हायचं नाही. मला राग आलेला आहे आणि तो जसाच्या तसा कागदावर ठेवायचा आहे.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकपासून गाडीने अर्ध्या तासावर खडूची एक टेकडी आहे. खडूची म्हणजे खरोखर खडूची; पायवाटेवरचा दगड उचलून फळ्यावर लिहिता येईल. तिच्या दक्षिणेकडच्या उतारावर जुलैमध्ये इतकं ऊन लागतं की मानेवरचं कातडं सोलून निघतं. गवत आखूड, त्यात ओव्यासारख्या वासाची बारीक जांभळी फुलं, आणि त्या फुलांवर चॉकहिल ब्लू नावाची फुलपाखरं. नर फिकट निळे, माद्या मातकट तपकिरी. दिसायला नाजूक, पण नरांचे थवेच्या थवे कुत्र्याच्या विष्ठेवर बसलेले एकदा पाहिले की कवितेचा मोह संपतो. मला ती म्हणूनच आवडतात.

मी तिथे कॅमेरा घेऊन जाते. ऑफिसातलं माझं काम टीमचं असतं, घर दोघांचं, व्हिसासुद्धा नवऱ्याच्या नावावर आलेला. पोटावर पालथी पडून, कोपराला खडू लावून घेऊन काढलेले हे फोटो तेवढे माझे. त्यात कुणाचा हात नाही. म्हणजे, नाही असं मी धरून चालले होते, आणि सगळं प्रकरण त्यावरच आहे.

फोटो काढायला मला शिकवलं ते लंडनच्या हॅरो भागातल्या एका काकांनी. नात्याने कुणी नव्हेत. इथल्या मराठी मंडळातले ज्येष्ठ, पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेले, चष्म्याच्या दुकानात नोकरी करून निवृत्त झालेले. आम्ही नवीन होतो तेव्हा पहिल्या थंडीत काका-काकूंनी आम्हाला दर रविवारी जेवायला बोलावलं. कोणत्या दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं इथपासून जीपीला, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरला, फोन कधी करायचा इथपर्यंत सगळं त्यांनी सांगितलं. त्यामुळे त्यांच्यापुढे माझा आवाज कधी चढला नव्हता.

काकांचे फोटो पाहून मंडळातली माणसं आ वासायची. फुलपाखरू फुलाच्या अगदी मधोमध, पंख नेमके कॅमेऱ्यासमोर, मिशांवर दवाचा थेंब. मी एकदा विचारलं, "काका, तुमची फुलपाखरं हलत कशी नाहीत?"

"अगं, बसवावं लागतं," काका म्हणाले. "इट टेक्स पेशन्स. तू घाई करतेस. फुलपाखरू बसवायला शिक."

आता मराठी माणसाला 'बसवणे' म्हटलं की काय ऐकू येतं? गाणं बसवतात, नाटक बसवतात, गणपती बसवतात. प्रत्येकात मेहनत आहे, वाट पाहणं आहे. मला वाटलं, काका साधनेबद्दल बोलताहेत. मी घरी येऊन नवऱ्याला ते वाक्य कौतुकाने ऐकवलं. इतकी मी मूर्ख.

जुलैमध्ये काका आणि मी टेकडीवर गेलो होतो. अकरा वाजून गेलेले, ऊन कडक, फुलपाखरं एका जागी दोन सेकंदही टिकत नव्हती. तासभरात माझ्याकडे गवताचे सुंदर फोटो जमले. काका वरच्या वळणाआड गेले होते; खांद्याला काकूंची निळी कूल बॅग, त्यात ताकाच्या बाटल्या. तिकडून त्यांनी हाक मारली, "ये लवकर! इथे एक बसवलंय!"

मी धावत गेले. एक निळा नर फुलावर बसला होता, पंख अर्धे उघडून, अंगावर दोन थेंब. मी आडवी झाले आणि बत्तीस फोटो काढले. त्यातला अकरावा असा होता की घरी स्क्रीनवर पाहून मी रडले. पंखांच्या कडेची पांढरी झालर केसागणिक दिसत होती.

मंडळाच्या सेक्रेटरीने तो पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पहिल्या पानासाठी निवडला. फोटोखाली छापायला दोन ओळी मागितल्या. मी लिहून दिलं, 'दीड तास उन्हात न हलता वाट पाहिली, तेव्हा हा पाहुणा टेकला.' हे वाक्य आज आठवलं की कानशिलं तापतात.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी काकूही होत्या. त्या पायथ्याशी चादर पसरून बसल्या, काका टेकडीवर वर-खाली करत राहिले. बाराच्या सुमाराला भूक लागली म्हणून मी खाली आले, तर काकू पुऱ्यांचं पुडकं सोडत होत्या. म्हणाल्या, "त्या निळ्या बॅगेत श्रीखंडाचा डबा आहे बघ, काढ गं."

मी बॅग उघडली. बर्फाच्या दोन निळ्या विटा, त्यांच्यामध्ये डबा. आम्रखंडाचा, अर्ध्या किलोचा, आपल्या प्रत्येक घरात कढीपत्ता नाहीतर उरलेली भाजी ठेवायला असतो तसा. झाकण उघडलं. आत किचन रोलचा कागद, आणि त्यावर सहा फुलपाखरं. पंख मिटून, एका ओळीत मांडलेली. चार निळी, दोन तपकिरी. बाजूला चिमटा आणि पाणी फवारायची छोटी बाटली.

मला आधी समजलंच नाही. माझ्या तोंडाला पाणी सुटलेलं होतं, हातात चमचा होता.

काकू डोकावल्या. "अगंबाई, परत तोच डबा! ह्यांना मी आइस्क्रीमचा जुना काढून दिला होता." त्यांना दुःख डब्याचं होतं. म्हणजे हे त्यांना ठाऊक होतं आणि कधीचं ठाऊक होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मी ती फुलपाखरं कागदासकट उन्हात गवतावर ठेवली. हळूहळू चार जण थरथरले. मग एकेक करून उडाले, वेडेवाकडे, जमिनीलगत. पाचव्याचा एक पंख उघडला, दुसरा उघडेना. ते गोल गोल चालत राहिलं. सहावी मादी होती. ती कुशीवर पडली होती तशीच राहिली. मी तिच्यावर वाकून फुंकर घातली, बोट लावलं. बोटाला तपकिरी भुकटी लागली, बाकी काही झालं नाही.

काका उतरून आले. "अगं, डबा का उघडलास? गरम होतील ना ते!"

"काका, हे काय आहे?"

"काय म्हणजे? उद्यासाठी नेतोय. घरी लाइट नीट सेट करता येतो. फ्रिजमध्ये ठेवलं की दे जस्ट गो टू स्लीप. बाहेर काढून फुलावर ठेवायचं, पाच मिनिटं मिळतात. नथिंग हॅपन्स टू देम."

"हे झोपलेलं नाही. हे मेलंय."

"एखादं जातं गं. त्यांचं आयुष्य असतं किती? आजूबाजूला बघ, शेकडो आहेत."

मी विचारलं, "माझं जुलैमधलं? तेही डब्यातलं होतं?"

काका हसले. हे हसणं मी त्यांना माफ करणार नाही. "मग? तुला सांगितलं होतं की, बसवलंय म्हणून."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुम्ही लबाड आहात, हे म्हटलं. इतकी वर्षं लोकांच्या टाळ्या घेताना लाज कशी वाटली नाही, हे म्हटलं. काकू मध्ये "अगं, ते मोठे आहेत" म्हणाल्या, तेव्हा त्यांनाही म्हटलं, मोठे आहेत तर मोठ्यांसारखं वागावं. ज्यांच्या घरी मी पहिल्या थंडीत पोटभर जेवले त्या माणसाला मी "गप्प बसा" म्हणाले. कुत्रा फिरवणारी एक बाई वाट बदलून निघून गेली. माझा फोटो तुम्ही चोरलात, असंही मी ओरडले. ते ओरडताना मला अगदी मोकळं वाटत होतं.

काका चिडले नाहीत. त्यांनी डबा उचलला, झाकण लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी तू आडवी झालीस तेव्हा तुझी सावली त्याच्यावर पडली होती. पूर्ण. ते हललं नाही. तू थांबलीस आणि वर माझ्याकडे पाहिलंस. आय वॉज स्टँडिंग राइट देअर. मला वाटलं, आता विचारशील. तू परत कॅमेऱ्याला डोळा लावलास."

मी म्हटलं, "खोटं आहे."

"ठीक आहे," काका म्हणाले, आणि काकूंना उठायला हात दिला.

घरी येताना गाडीत मी एकटीच होते. गाडी चालवताना मी त्यांना मोठमोठ्याने उत्तरं देत होते. सावली पडली की फुलपाखरू उडतं, हे टेकडीवर दुसऱ्यांदा आलेल्यालाही कळतं. मी नवशिक्यांना हेच पहिलं सांगते: सावली सांभाळा. पेट्रोल पंपावर थांबले तेव्हा लक्षात आलं की मी त्यांनाच समजावून सांगते आहे की ते बरोबर बोलताहेत. मग मला त्यांचा आणखी राग आला. लबाडी करणाऱ्याने निदान आंधळं तरी असावं.

आठवडाभर मी काही केलं नाही. कॅलेंडर छपाईला जायच्या आदल्या दिवशी सेक्रेटरीला फोन करून म्हटलं, माझा फोटो काढून टाक. ती म्हणाली, "अगं, वेडी आहेस का? सगळ्यांना आवडलाय. किती नम्र असावं माणसाने!"

"नम्र नाही गं. ते फुलपाखरू फ्रिजमधलं होतं." आणि मी तिला डब्याचं सगळं सांगितलं. काकांचं नाव घेतलं, अजिबात संकोच केला नाही.

"अय्या!" ती म्हणाली. "म्हणजे काकांनी तुला चक्क फसवलं!"

त्यावर नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तिने उत्तर हातात आणून दिलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "मला तेव्हाच कळलं होतं."

मग ती म्हणाली, "बरं. काढून टाकते."