वॉर्डच्या दारापर्यंतचा डबा

गेल्या शनिवारी येथे आयर्लंडमध्ये, पोर्टलीशच्या रुग्णालयात मला प्रथमच आत बोलावण्यात आले.

निखिल हा आपल्या मराठी मंडळातील तरुण डॉक्टर. त्याची पत्नी केतकी हिचे गर्भाशयाचे मुख पाचव्या महिन्यातच उघडू लागले आणि तातडीने टाका घालावा लागला. आता बाळ टिकावे म्हणून तिला पूर्ण विश्रांती सांगितली आहे... (तिच्या परवानगीनेच लिहीत आहे.)

मंडळातील भगिनी आळीपाळीने डबा करतात. तो आपल्या लिक्सलिप गावाहून पोहोचवण्याचे काम मी मागून घेतले. परंतु डबा नर्सकडे देऊन मी दारातूनच परतत असे.

माझी पत्नी मृदुला हिलाही असाच टाका घातला होता. त्यानंतर वर्षभराने ती मेंदूतील रक्तस्रावाने गेली. दोहोंचा काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही गरोदर स्त्रीसमोर माझ्यासारख्याने उभे राहू नये, असे वाटे... तसे कोणी म्हटले नाही. 'आत जा' असेही कोणी म्हटले नाही.

शनिवारी नर्स म्हणाली, "गो ऑन इन, शीज आस्किंग फॉर यू."

केतकी डाव्या कुशीवर पडून होती. मी उभा राहताच तिने विचारले, "दादा, तुमच्या वेळी टाका टिकला होता ना?"

"टिकला. कन्या आता तीन वर्षांची आहे, नाशिकला माझ्या आईकडे असते. आपण काळजी करू नये."

"'आपण' काय हो दादा, मी केवढी लहान आहे! बरं, वहिनी दिवसभर पडून करायच्या तरी काय? मला वेड लागायची पाळी आलीय."

मी खुर्ची ओढून बसलो. मग सांगितले... मृदुला पलंगावरूनच कुकरच्या शिट्ट्या मोजत असे. एखादी जास्त झाली की तिथूनच ओरडे, "अहो, वरण करताय की खळ?"

केतकी हसली आणि लगेच पोटावर हात ठेवून म्हणाली, "दादा, हसवू नका ना! टाका आहे!" मी क्षमा मागितली. तिने पुढचे विचारले... मी सांगत राहिलो.

मृदुला कशी गेली, हे आजवर अनेकांनी आपुलकीने विचारले. ती घरात कशी बोले, कशावर चिडे, हे कोणी विचारले नव्हते. परतल्यावर हे सांगावे असे घरात कोणी नाही, म्हणून येथे मंडळाच्या पानावर लिहिले.

केतकी, मनःपूर्वक आभार. बाळास एकच विनंती... कृपया घाई करू नये.