रविवारी न आलेली बस

"मॅडम, बस आलीच नाही. आणि स्टॉपवरचं टाइमटेबल काही वेगळंच सांगतंय."

जोशींचा फोन आला तेव्हा मी कुवेतला, हवल्लीतल्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात जेवायला डबा उघडत होते. जोशी म्हणजे कुवेतमध्येच तेल कंपनीत असलेले पुण्याचे इंजिनीअर. त्या दिवशी ते आणि त्यांची बायको नॉर्वेत होते, क्रूझवर. सोबत आमचे दुसरे क्लायंट, रत्नागिरीचे काझीचाचा आणि चाची. चाचांचं हवल्लीत टेलरिंगचं दुकान. सुट्टी म्हणजे गावी जाणं, एवढंच त्या दोघांना ठाऊक. यंदा ही क्रूझ मीच त्यांच्या गळी उतरवली होती.

क्रूझ बंदराला लागली की लोक दिवसभर उतरून फिरतात. त्याला शोअर एक्स्कर्शन म्हणतात. ते दोन प्रकारचं. जहाजाने नेलेलं आणि आपलं आपण केलेलं. जहाजाच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपण आपले गेलो आणि उशीर झाला, तर ते टाटा करून निघून जातं. हे मी प्रत्येक क्लायंटला बजावते. या चौघांनाही बजावलं होतं, आणि वर जहाजाची टूर घेऊ नका म्हणूनही मीच सांगितलं होतं. कारण चाचींना त्या टूरची धावपळ झेपणार नव्हती. त्यांना धबधब्यापाशी निवांत बसायचं होतं. म्हणून मी बंदरापासून तासाभरावरचं एक गाव शोधलं, गावच्या साध्या बसचं टाइमटेबल काढलं आणि प्रिंट हातात दिली. सकाळची बस बरोबर वेळेवर आली होती.

"स्टॉपवर काय लिहिलंय?" मी विचारलं.

"परतीची बस एकच. संध्याकाळी पाचची."

जहाज तीनला सुटणार होतं. अडीचला सगळ्यांनी आत असायला हवं. त्यांच्या घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. पासपोर्ट जहाजावर होते. चाचांच्या बीपीच्या गोळ्याही केबिनमध्ये.

मी प्रिंटची कॉपी काढून पुन्हा वाचली. त्यावर दोन रकाने होते, एक कामाच्या दिवसांचा, एक सुट्टीचा. मी कामाच्या दिवसाचा वाचला होता. त्या दिवशी रविवार होता. कुवेतमध्ये आमची सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवारी आम्ही सगळे कामावर. इथे अठरा वर्षं काढल्यावर रविवार म्हटला की माझा हात आपोआप त्याच रकान्याकडे जातो.

"पण मी स्वतः डबल-चेक केलं होतं!" जोशी म्हणाले. अर्थात. ते तर माझ्याहून जुने कुवेतकर!

मी बंदरावरच्या टॅक्सींना फोन लावला. होत्या त्या सगळ्या जहाजातल्याच लोकांनी नेलेल्या. मग पोर्ट एजंटला, म्हणजे किनाऱ्यावर जहाजाची कामं बघणाऱ्या माणसाला. तो फार गोड बोलला आणि जहाज थांबणार नाही म्हणाला. आमचे बॉस परकारसाहेब केबिनमधून बाहेर आले.

"काय झालं वैशालीताई? तोंड का पडलंय?"

मी सांगितलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "काझीचाचांनी माझ्या लग्नाची शेरवानी शिवलीय हो."

मी परत जोशींना फोन लावला. तिकडे मागे घंटा ऐकू येत होती. चाचींनी फोन घेतला. "अगो पोरी, घाबरू नको. हय चर्च सुटलाय. लय मानसां हायत."

आणि माझी ट्यूब पेटली.

"चाची, जुम्म्याची नमाज सुटली की मशिदीबाहेर काय असतं?"

"काय असनार? गाड्याच गाड्या."

"मग जा ना! कोणालाही थांबवा!"

मागून जोशींचा आवाज आला, "अहो, अनोळखी लोकांना असं कसं विचारायचं?" पण चाची निघाल्या होत्या. इंग्रजी येत नाही. हातात कुवेतहून नेलेला खजुराचा डबा. जोशींच्या बायकोने फोन चालूच ठेवला, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. आधी शांतता, मग हसणं, मग कपबशांचा आवाज.

"काय चाललंय तिथं?"

"कॉफी," जोशींची बायको म्हणाली. "प्रार्थनेनंतर हॉलमध्ये कॉफी असते म्हणे. पाद्रीबाई गाडीची सोय करून देतायत, पण आधी कॉफी घ्या म्हणतात."

"अहो, एक वाजून गेला!"

तिने फोन चाचींना दिला. "पोरी, कुनाच्या दारात गेल्यावर कॉफी नको बोलायचा नाय," चाचींनी मलाच समजावलं. कुवेतींच्या घरी कपडे पोचवून त्या हे शिकल्या होत्या. मी डोक्याला हात लावला.

चौघांनी कॉफी घेतली. वॉफलही खाल्ले. मग एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या व्हॅनमधून निघाले. तासभर माझा जीव टांगणीला. त्यांच्या दोन बावीसला जोशींचा मेसेज आला, "चढलो." परकारसाहेबांनी मोठ्यांदा अलहमदुलिल्लाह म्हटलं. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले आणि मग गार झालेला डबा खाल्ला.

परत आल्यावर चाची ऑफिसात आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "धबधबा बरा होता. पन ती मानसां! पुढच्या टायमाला पन बस चुकव."

मी काही चुकवणार नाही. चूक पकडायची असेल तर आपल्यासारख्याच चुका करणाऱ्या माणसाला कागद दाखवू नये, एवढं मी शिकले. आता माझं प्रत्येक टाइमटेबल नाशिकला बहिणीकडे जातं. तिला नॉर्वे कुठे आहे ते नीट माहीत नाही. पण रविवारी तिला दुपारी फोन केला तर ती झोपमोड झाली म्हणून चिडते, आणि मला तेवढी पात्रता पुरते.