नजरवाल्या बाईचा प्रबंध

हे आजवर नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला नाही. नातवंडांना तर आजी फार शिकलेली म्हणून कौतुक. तुम्हाला सांगते—तुम्ही काही माझ्या पाया पडणाऱ्यांतले नाही.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. मी बेळगावच्या खडेबाजारातली पोर, पुण्यात एम.ए.ला. विषय—बाईच्या बाजूनं सिनेमा कसा बघायचा. खांद्याला झोळी, रुपयाएवढं कुंकू आणि तोंडात सदा 'पुरुषी नजर'. पुरुषाला हवी तशीच बाई पडद्यावर दाखवतात, एवढाच त्याचा अर्थ. पण इतकं सोपं बोलले असते तर मला हुशार कोण म्हणालं असतं?

प्रबंधासाठी निपाणीच्या थेटरात गेले. दुपारचा खेळ, बाकांवर विड्या वळणाऱ्या बायका. पडद्यावरची बाई नवऱ्याची थप्पड खाऊन त्याच्याच पाया पडली—आणि या सगळ्या रडायला लागल्या. मध्यंतरात मी वही उघडून उभी राहिले. विचारलं, "या बाईवर पुरुषी नजर आहे, ती जाणवते का तुम्हाला?"

पुढच्या बाकावरून त्यांच्यातलीच एक, तानीआक्का, म्हणाली, "नजर लागलीया व्हय? मग मीठ-मोहऱ्या उतरून टाक की गं. वही कशाला आणलीस?"

सगळी बाकं हसली. त्या दिवसापासून मी गावभर 'नजरवाली बाई'. स्टँडवरचा चहावालासुद्धा तेच म्हणायचा.

खरं तर आक्कानं लगेच मला शेजारी बसवून घेतलं होतं. हळूच म्हणाली होती, "आमी त्या बाईसाठी न्हाय रडत. घरात रडाय जागा कुटं हाय? हितल्या अंधारात कुणी इचारत न्हाय."

पण मला ऐकू येत होतं ते फक्त हसणं. मग मी काय केलं? सूड घेतला—तोही टंकलिखित, कापडी बांधणीचा. लिहिलं, 'निपाणीतील एक अशिक्षित, अंधश्रद्ध प्रेक्षक, तानीबाई. स्त्रीवरील अत्याचार तिला दृष्ट लागण्याचा प्रकार वाटतो.' आणि तिचं ते रडण्याचं बोलणं? ते शेवटच्या प्रकरणात, शुद्ध भाषेत, माझा निष्कर्ष म्हणून. मार्गदर्शक बाईंनी समासात 'मौलिक' असा शेरा दिला. मी तो मिरवला.

एवढ्यानंही पोट भरलं नाही. प्रत घेऊन मुद्दाम निपाणीला गेले. आक्का दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. "माजं नाव घातलंस काय गं?" मी ते पान उघडलं आणि वाचल्यासारखं करून तिचेच शब्द तिला ऐकवले—घरात रडाय जागा कुटं हाय. तिनं शेजारणींना हाका मारल्या. "परत वाच," म्हणाली. मी तीनदा वाचलं.

मग तंबाखूचं बोट लुगड्याला पुसून तिनं ते एका शब्दावर ठेवलं. "ह्ये माजं नाव?"

बोट 'अंधश्रद्ध'वर होतं. मी म्हटलं, "व्हय, आक्का." आणि मला मनापासून बरं वाटलं.