हॉटेलातला आग्रह

मुलाकडच्यांनी घरी यायचं टाळलं. "तुम्हाला कशाला त्रास, बाहेरच भेटू," असं मुलाच्या आईने फोनवर सांगितलं आणि हॉटेलही त्यांनीच ठरवलं. दारात फेटेवाला उभा असतो तसलं. बाबांनी एकच अट घातली. यजमान आपण. मुलीचा बाप मी आहे.

बाबा हिंगण्याच्या कारखान्यात फिटर होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी कुठेही ताठ मानेनं सांगते. मुलगा माझ्यासारखाच इंजिनीअर. आम्ही आधी भेटलो होतो, मला आवडला होता. त्या संध्याकाळी फक्त वडीलधाऱ्यांचा होकार व्हायचा होता.

जेवण 'अस्सल वऱ्हाडी' म्हणून आलं. परातीएवढ्या काळ्या थाळीत मधोमध बेसनाच्या दोन पाटोड्या, वर कसलीशी पानं. वेटरने इवल्याशा किटलीतून त्यावर रस्सा ओतला. मी चाखला. गोड! मलई घातलेली. भाजल्या खोबऱ्याचा, खसखशीचा पत्ताच नाही. आईने घास तोंडात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. थुंकता येत नव्हतं, एवढंच.

बाबा बसलेच नव्हते. आमच्यात सोयरे जेवत असताना मुलीचा बाप बसत नाही. तो वाढतो, आग्रह करतो, कोणी ताटावर हात आडवा धरला तर हाताखालून वाढतो. बाबांनी वेटरच्या हातातली किटली घेतली.

"घ्या न जी, अजून घ्या. तुम्ही तं काहीच जेवून नाही राहिले."

"सर, प्लीज, मी वाढतो," वेटर म्हणाला.

"तू काहून? सोयरे माह्ये आहेत का तुह्ये?"

मला हसू आलं. मुलाच्या आईने मात्र थाळीवर दोन्ही हात धरले. लाजून नव्हे, साडीवर सांडेल म्हणून. शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. मुलगा माझ्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "त्यांना बसव ना. लोक वेटर समजतील."

"माझे बाबा आहेत ते."

"अगं, म्हणूनच."

पुढे काय काय आलं, मला आठवत नाही. मी खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा होकार आला. मुलगी पसंत. लग्नाचं सगळं केटररकडे देऊ, मुलाची आई मला फोनवर म्हणाली, "बाबांना मुळीच वाढायबिढायला लावू नका हं. त्यांनी नुसतं स्टेजवर बसायचं." किती मायेनं बोलली बाई! मी तिथल्या तिथे लग्नालाच नाही म्हटलं. मग मुलाचा फोन आला. त्याने कारण विचारलं, तेही सांगितलं.

"एवढ्याशा गोष्टीवरून?" तो म्हणाला.

एवढ्याशा.

बाबांना मी खरं कारण सांगू शकले नाही. जमलं नाही, इतकंच म्हटलं. ते खाटेवर बसले आणि आईला म्हणाले, "उपाशी गेले वं ते. म्या अजून आग्रह करायले पाहिजे होता."

आई पदराने खाटेची पट्टी पुसत राहिली. मी आत निघून गेले.

आता नात्यात कुठे सोयरीक ठरायची असली, की बाबा मुलीच्या बापाला बाजूला घेतात. माझ्यासमोरच घेतात.

"वाढताना लाजू नको गा. मी लाजलो, अन् पोरगी घरी राहिली."