पटका सोडा, दादा

ये गं, जवळ सरक. तू पुण्याला आणि मी इथं संभाजीनगरात, म्हणून कागदावरून हाक मारते. पण तू समोर चटईवर बसलीस असंच धरून बोलणार आहे. आणि आधी तुझा कान धरणार आहे. हळूच, पण धरणार.

दिवाळी अंकातली तुझी गोष्ट मी चष्मा पुसून पुसून दोनदा वाचली. घाटात एसटी बंद पडते, एका बाईला कळा सुटतात, आणि ज्याला स्वतःच्या शर्टाचं बटण धड लावता येत नाही असा कंडक्टर तिचं बाळंतपण करतो. पोर ट्यांहा करतं, अख्खी गाडी टाळ्या वाजवते, संपलं. तुझी आई रडली वाचून. पण बाई, एवढी शिकलीस, आणि त्या बाळंतिणीला सबंध गोष्टीत एक वाक्य बोलू दिलं नाहीस? नुसती ‘आई गं’ म्हणून ओरडती. घाम कंडक्टरला, भीती कंडक्टरला, शहाणपण आलं तेही कंडक्टरला.

टीव्हीवर पण तेच. गडी म्हणतो, ‘गरम पाणी आणा.’ त्या पाण्याचं पुढं काय करतात, चहा करतात का काय, ते कोणी दाखवत नाही. पोरामागून वार पडायची असते, ती कोणाच्याच गोष्टीत पडत नाही. पोर रडलं की गोष्ट संपली.

तुझ्या एकटीचा दोष नाही. अशा गोष्टी लई जुन्या आहेत. त्यातली एक मला भोवली. ती मी कोणाला सांगितली नाही, तुझ्या आईलासुद्धा नाही.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. माझं सासर बिडकीनजवळ. तुझे आजोबा औरंगाबादला गिरणीत कामाला, पंधरा दिवसांनी घरी यायचे. घरात सासू, सासरे, आणि आजोबांचे थोरले भाऊ. त्यांना मी दादा म्हणायचे. म्हणजे मनात म्हणायचे, कारण धाकट्याच्या बायकोनं भाया, म्हणजे थोरला दीर, समोर आला की पदर तोंडावर ओढायचा आणि त्याच्याशी शब्द बोलायचा नाही, अशी रीत. त्यानंही बोलायचं नाही. बायको गेलेला माणूस, तंबाखू सोडली तर व्यसन नाही. कामाचं काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगायचे. ‘भाकरी झाल्या का नाय, काय कळंना बाबा,’ असं भिंतीकडं बघून म्हणायचे, आणि मी ताट वाढायचे.

बाजाराच्या दिवशी बिडकीनला तंबूतला सिनेमा लागायचा. दादांनी एक सिनेमा तीनदा बघितला. त्यात जंगलात एक बाई अडते, जवळ एक परका जवान सोडून कोणी नाही. तो डोळ्यांवर पट्टी बांधतो, ‘तू माझी बहीण’ म्हणतो आणि हात पुढं करतो. नगारे वाजतात, पोर रडतं. दादा ओसरीवर बसून ही गोष्ट इतकी रंगवून सांगायचे की गावातली चार माणसं डोळे पुसायची. सासू म्हणायची, ‘गडी असावा तर असा. अडल्या वख्ताला बी मर्यादा सोडली नाय त्यानं.’ मी चुलीपाशी ऐकायचे. खोटं कशाला सांगू, मी पण रडले होते. मलासुद्धा तो जवान देवमाणूस वाटला होता.

पहिलं बाळंतपण माहेरी. माझं माहेर पैठणकडं, गोदेच्या काठाला. सातव्या महिन्यात न्यायचं तर सासरे आजारी पडले. आठव्यात पाठवत नाहीत. म्हणून नववा लागल्यावर गाडी जुंपली. सासू सोबत येणार होती, तिला सकाळीच हिव भरलं. ‘दिवस मावळायच्या आत पोचतेत, दादा हाये की,’ म्हणाली. फाल्गुन सरत आलेला, रानं मोकळी, खळी उरकलेली. दूरपर्यंत माणूस दिसत नव्हतं.

दादा पुढं, मी मागं पदर घेऊन. ते बैलाला विचारायचे, ‘काय राजा, उन्ह लागतंय का मागं?’ मी बांगड्या वाजवल्या की व्हय, गप्प बसले की नाय. अशी आमची बोलणी. दुपार कलली आणि अंगाखाली सगळं ओलं झालं. मी बांगड्या वाजवल्या. परत वाजवल्या. दादा बैलाला म्हणाले, ‘पाणी प्यायचं का राजा?’ तवा मी त्यांच्याशी जन्मात पहिल्यांदा बोलले.

‘दादा, गाडी थांबवा. भरलं माझं.’

त्यांनी एका पडक्या विहिरीपाशी, लिंबाखाली गाडी सोडली. बांधावर चढून चारी बाजूंना हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही. धापा टाकत परत आले.

‘आता कसं गं माय?’

‘लांब जाऊ नका,’ म्हणाले मी. मला वाटलं होतं मी घाबरेन, पण घाबरले होते तेच. गाडीतलं पांघरूण खाली टाकलं, मला टेकायला जू दिलं. मग माझ्याकडं पाठ करून डोक्याचा पटका सोडला आणि डोळ्यांवर बांधला. एक वेढा, दोन, तीन. घट्ट. तसेच चाचपडत, गुडघ्यावर माझ्यापाशी आले.

खरं सांगते, त्या घडीला मला बरं वाटलं. लाज वाचली असं वाटलं. अशी आमची अक्कल.

कळा किती वेळ आल्या सांगता यायचं नाही. डोकं बाहेर आलं ते मला कळलं. आणि तिथंच अडलं.

‘आलं, आलं! हाताला लागलं!’ दादा हसत होते गं. पटक्याखाली तोंड हसत होतं.

‘गळ्यापाशी बघा,’ मी म्हणाले. माहेरी गाय व्यायची तवा बाप वाकून वाकून बघायचा, कुठं गुंतलंय, कुठं अडलंय. मला माझ्या पोटापलीकडचं काही दिसत नव्हतं.

‘दोरीवानी काय तरी लागतंय,’ दादा म्हणाले, आणि हात झटकन मागं घेतला. ‘असंल बाईमाणसाचं काय तरी. म्या हात नाय लावत.’

‘पटका सोडा, दादा! बघा!’

‘पाप लागंल माय. तू मला लेकीवानी.’

‘लेकीवानी हाये तर बघा की!’

नाही सोडला. तोंडानं देवाचं नाव घेत राहिले. पुढच्या कळेला लेकरू त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते ओंजळीत उचलून धरलं, आणि वाट बघत बसले. ‘रडंल आता,’ म्हणाले. ‘रडंल.’ तंबूत लगेच रडलं होतं ना.

मी कोपरावर उठले. मुलगी होती. नाळेचे दोन वेढे गळ्याला, तोंड पिकल्या जांभळागत. मीच बोटं घालून वेढे काढले. पाठीवर मारलं, पालथी धरली, तोंडात फुंकलं. तिचे केस ओले होते, दाट, मानेपर्यंत आलेले.

मी किंचाळले तवा कुठं पटका निघाला.

त्यानंतर गोवऱ्या वेचणारी एक म्हातारी माझा आवाज ऐकून धावत आली. जवळच्या वाडीतली मुसलमान बाई, दोन्हीकडच्या घरांत सुईणपण करणारी. तिनं माझी वार पाडली, रक्त थांबेपर्यंत पोट चोळलं, मला जगवलं. पोरीला उलटंपालटं करून बघितलं, वेढ्याचे वळ बघितले, दादांच्या हातातला पटका बघितला.

‘आँखाँ बांध को लेकरू निकालते क्या रे?’ ती म्हणाली. रागानं नाही, थकल्यागत. ‘दोच फेर थे. उंगली घाल को सर पे से उतार देते. बस.’ बोट घालून डोक्यावरून काढायचं. बस, एवढंच होतं.

दादांनी ते ऐकलं. त्याच पटक्यात पोरीला गुंडाळलं, गाडीची खुट्टी काढली आणि त्या खुट्टीनंच लिंबाखाली खड्डा खणला. पुढची वाट त्यांनी बोडक्या डोक्यानं गाडी हाकली. बैलालाही काही विचारलं नाही.

आणि गावानं काय म्हणावं? ‘पोरगी देवानं नेली, पण दादानं डोळा उघडला नाय.’ सासू ही गोष्ट येईल त्या बाईला सांगायची, अभिमानानं. ओसरीवर आता दादांचीच गोष्ट झाली होती. कोणी ती काढली की दादा उठून गोठ्यात जायचे. मला कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

तुझी आई झाली ती औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात. दादा बघायला आले. खाटेपासून लांब उभे राहिले, पण भिंतीकडं बघितलं नाही. सरळ माझ्याकडं बघून विचारलं, ‘म्या डोळे उघडे ठेवले असते, तर जगली असती का गं ती?’

मी म्हणाले, ‘नाय दादा. तिचं तेवढंच होतं.’

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं का नाही, देव जाणे. पुढं बरीच वर्षं जगले, कोणाच्या बारशाला गेले नाहीत. ‘तेवढंच होतं’ असं मी म्हणाले, ते खोटं होतं. त्यांच्यावर दया आली म्हणून बोलले, पण त्या एका वाक्यात मी पोरीला परत एकदा पुरलं असं मला वाटतं. तिच्यासाठी कोणी दोन शब्द भांडलं नाही. मी सुद्धा नाही. आज भांडले. दादा वाईट नव्हते गं, हेही लिहून ठेवते. पण ती जगली असती.

तिकडं आता कंपन्या आल्यात. रुंद रस्ते, कुंपणं. तुझा मामा म्हणाला, विहीर बुजवली, पण लिंब अजून उभा आहे, त्याच्या खोडावर चुन्याची खूण केलीय. तोडायच्या झाडांवर करतात तसली. मामाला म्हणाले, मला तिथं ने. तो विचारतो, ‘कशाला, उन्हातान्हात?’ त्याला काय सांगू?

तुला सांगितलंय. सुट्टी काढ, आणि ये. माझ्यानं एकटीनं त्या बांधावर चढवत नाही, हात धरायला कोणी पाहिजे. लवकर ये, माय.