करार खोकून तपासणारा

आमच्या क्षयरोग कार्यालयात कंत्राटांची माहिती ठेवणारा एक बाबू आहे. कोणत्या गाडीचा करार कधी संपतो, कोणत्या कलमात काय लिहिलंय, सगळं त्याच्या संगणकात असतं. पण कागदावर त्याचा काडीचा विश्वास नाही. महिन्यातून एखाद्या सकाळी तो माझ्या टेबलाशी येतो, "मॅडम, फोन द्या जरासा," म्हणतो आणि थुंकीचे नमुने आणणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला स्पीकरवर लावतो. त्याचा स्वतःचा नंबर सगळे ड्रायव्हर ओळखतात.

परवाही तसंच झालं. आधी खोकला, खोल, ओढत आणलेला, शेवटी शिट्टी वाजल्यासारखा. मग, "आंबागडवरून बोलून राहिलो भाऊ. थुंकीची डबी भरून ठेवली हाय. गाडी कवा येते?"

"फाट्यावर आणून दे ना! गावात कोन शिरन?"

"काहून? करारात त गावातून न्याचं लिवलं हाय," बाबू आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला.

ड्रायव्हरनं आवाज ओळखला, "जातो साहेब."

फोन परत करताना तो दर वेळी रुमालानं नीट पुसून देतो. खोट्या खोकल्यानंतर कसली पुसापुशी, म्हणून मला हसू यायचं. या वेळी विचारलंच, "इतका खरा खोकला शिकलात कुठं?"

"मायचा हाय," तो फोन पुसत म्हणाला. "फाट्यापर्यंत तिच्याच्यानं चालनं झालं नाही."