कंपौंडरांचं दप्तर

कुणी जुना फोटो हातात दिला की कंपौंडर तो आधी उलटा करत. चेहरे नंतर. मागच्या बाजूला काही लिहिलेलं नसेल तर त्यांच्या कपाळावर आठी पडे. "कोण हे?" ते विचारत. आणणारा कौतुकाने म्हणे, "आमचे आजोबा." "ते कळलं. बाजूला कोन? मागं घागर घेतलेली कोन? तिला नाव नव्हतं?" माणूस दहा मिनिटांत घामाघूम होई आणि घरी विचारून येतो म्हणत जिना उतरे. त्यातले निम्मे परत येत नसत. कंपौंडरांना त्याचं काही वाटत नसे.

त्यांना खरं नाव होतं, पण पालघरात ते फार थोड्यांना ठाऊक. जन्म केळव्याकडच्या एका वाडीतला, पानवेलीत वाढलेले. उभा जन्म एका डॉक्टरांच्या दवाखान्यात गेला, लाकडी खिडकीआड बाटल्या भरण्यात. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, आणि माळा रिकामा करताना जुनी रजिस्टरं निघाली. कोण, कुठल्या गावचा, काय दुखणं, किती लांबून चालत आला, सगळं त्यांत होतं. डॉक्टरांच्या मुलाने ती रद्दीसाठी बांधून ठेवली होती. कंपौंडरांनी ती हातगाडीवर घालून वाचनालयाच्या वरच्या खोलीत आणली. गावच्या जुन्या कागदांचं आमचं दप्तर सुरू झालं ते असं. आमचं म्हणजे ते, बँकेतून निवृत्त झालेल्या देखणं अक्षर असणाऱ्या एक बाई, आणि मी. मी बोईसरला शाळेत शिकवत होतो, रविवारी येत असे. हळूहळू लोक लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, कारखाने येण्याआधीच्या बोईसरचे फोटो आणून देऊ लागले.

"लेबल नसलेली बाटली विष समजायची," हे त्यांचं दवाखान्यातलं वाक्य. दप्तरात आल्यावर त्यांनी ते फोटोंना लावलं, आणि एकदा मला. मुरबे गावातल्या एका सुंदर फोटोखाली मी चिठ्ठी चिकटवली होती : 'मासळी सुकवणारी कोळी स्त्री'. कंपौंडरांनी ती वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मास्तर, तुझ्या आयेचा फोटो लावून खाली 'भाकरी थापणारी स्त्री' लिहू?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघं एसटीने मुरब्याला गेलो. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांमधून फिरत दारोदार तो फोटो दाखवला. चौथ्या की पाचव्या घरी एका म्हातारीने तो हातातून ओढूनच घेतला. "अगो बाय, ही तं मी हाय!" हसली, सुनांना हाका मारून दाखवला. मग फोटो पदराने पुसून म्हणाली, "त्या दिशी माजा पोरगा तापानं फनफनलेला. घरी टाकून आलेली मी. आनि तो फोटोवाला बोलतो, बाय, हस." कंपौंडरांनी विचारलं, पोरगा? तिने नाही अशी मान हलवली.  येताना एसटीत त्यांनी फोटोमागे पेन्सिलीने तिचं नाव लिहिलं, तिच्या मुलाचं लिहिलं, आणि खाली : 'हस सांगितलं म्हणून हसल्या.'

माणूस गोड नव्हता. मदतीला आलेल्या कॉलेजच्या मुलींना त्यांनी ओल्या हाताने कागद धरला म्हणून रडवलं होतं. एका नगरसेवकाला तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्या सत्काराचे फोटो शंभर वर्षांनी आणा." बाई आणि मी मागून सगळ्यांची समजूत घालत फिरायचो. आम्ही आपापसांत म्हणायचो, काका थोडे नरम असते तर दप्तर कुठल्या कुठे गेलं असतं. हे आम्ही इतक्या वेळा म्हटलं की आम्हाला ते पटलं.

मासवणला जानीबाईंकडे आम्ही गेलो ते दवाखान्याच्या रजिस्टरातल्या एका ओळीमुळे. त्यांच्या भावाचं नाव, आणि पुढे 'अंगावर वळ, ताप, दुसऱ्या दिवशी मृत्यू'. जानीबाई तेव्हा नव्वदीला टेकलेल्या असाव्यात. ओटीवर बसून त्यांनी माझ्या रेकॉर्डरवर सगळं सांगितलं, आवाज न चढवता. भावाची बायको बाळंतपणाला टेकलेली, म्हणून तो जमीनदाराच्या गवतकापणीला गेला नाही. "माणसां आली. चिंचेला बांदला. तीन दिस. पानी नाय दिला. आई पाया पडली, तिला पन मारली." मग त्यांनी जमीनदाराचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि कंपौंडरांच्या वहीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तू लिवतो ना? मंग लिव. मी मेल्यावर कोन सांगल?"

कंपौंडरांनी लिहिलं, त्यांना वाचून दाखवलं, आणि वाकून नमस्कार केला. त्यांना कुणासमोर वाकताना मी तेवढंच पाहिलं.

पालघर जिल्हा झाल्यावर गावाचा भाव वाढला तसा इतिहासाचाही वाढला. कचेऱ्या आल्या, इमारती उठल्या, आणि वाचनालयाची जुनी इमारत पाडायची ठरली. आम्हाला जागा हवी होती. ती द्यायला एक शेठ पुढे आला. नव्या इमारतीत तळमजल्यावर हॉल, काचेची कपाटं, वातानुकूलन. अट एकच, हॉलला आजोबांचं नाव. ते आजोबा म्हणजे जानीबाईंनी ज्यांचं नाव घेतलं तेच.

शेठ वाईट माणूस नव्हता. आमच्या दप्तराची यादी त्याने शांतपणे वाचली, जानीबाईंच्या रेकॉर्डिंगच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मी काही सांगत नाही. आजोबांच्या हॉलमध्ये हे कसं दिसेल, तुम्हीच ठरवा."

आम्ही तिघांनी बैठक घेतली. बाई म्हणाल्या, "कायमचं नको. तूर्त बाजूला ठेवू."

"तूर्त म्हंजे किती दिवस?" कंपौंडरांनी विचारलं.

मी म्हणालो, "काका, इमारत पडणार आहे. एवढे सगळे फोटो रस्त्यावर येतील. एका रेकॉर्डिंगपायी?"

"एकापायीच. बाकीचे फोटो कुनालाही आवडतील मास्तर, ते कुठंही जातील. तिला फक्त आपन होतो."

मला राग आला. राग यासाठी की त्यांचं बरोबर होतं आणि मला हॉल हवा होता. मी त्यांना हट्टी म्हणालो. तुम्ही आहात तोवर दप्तर या माडीवरच कुजणार, असंही म्हणालो. ते ऐकून त्यांनी पाणी प्यायलं, पेला विसळून पालथा घातला. इतिवृत्त मी लिहिलं. 'सदर ध्वनिमुद्रण व त्यासंबंधीची नोंदवही तूर्त यादीतून वगळण्यात यावी.' खाली दोन सह्या, एक विरोध. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. वही त्यांनी बरोबर घेतली नाही. दप्तरातला कागद घरी न्यायचा नाही, हा नियम त्यांचाच होता. तो मी मोडला. वही आणि रेकॉर्डिंगची डिस्क मी पिशवीत घालून बोईसरला घरी नेल्या, म्हटलं, आपल्याकडे सुरक्षित राहतील.

त्यानंतर ते नव्या हॉलच्या रस्त्यानेसुद्धा गेले नाहीत. उद्घाटन थाटात झालं. बातमीत माझं नाव आलं.

जानीबाई गेल्याचं मासवणच्या एका विद्यार्थ्याने सांगितलं, तेव्हा मी कपाट उघडलं. खालच्या कप्प्याला पावसाळ्यात ओल धरली होती. वहीची पानं एकमेकांना चिकटून शाई पसरली होती. डिस्क संगणकाला जोडली, ती नुसती टकटक करत राहिली. बोईसरच्या दुकानदाराने दोन दिवस ठेवून परत दिली. "सर, इस में कुछ नहीं बचा."

त्याच महिन्यात पालघरच्या बाजारात कंपौंडर दिसले. फार वाळले होते, हातात भाजीची पिशवी, पण नजर तीच. मी वाट बदलणार तोच त्यांनी हाक मारली. तब्येत नाही, हॉल नाही, काही विचारलं नाही.

"जानीबाई गेल्या म्हनं."

"हो."

"रेकॉर्डिंग हाय ना नीट?"

"आहे काका. नीट आहे."

त्यांनी माझा दंड धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याशी हसून बोलले. "मंग बरं. मी तुला लय बोललो मास्तर, मनात नको धरूस. हाय ना, मंग आज ना उद्या निघंल बाहेर." आणि पिशवी सावरत निघून गेले. मी त्यांना हाक मारू शकलो असतो. ते हळू चालत होते, बराच वेळ दिसत होते.

ते गेले त्याला आता दोन वर्षं होतील. शोकसभा नव्या हॉलमध्येच झाली, अध्यक्ष शेठ. भाषण माझं होतं. दवाखाना सांगितला, रजिस्टरं सांगितली, मुरब्याची गोष्ट सांगितली तेव्हा लोकांनी डोळे पुसले. भाषणात मासवणपर्यंत मी गेलोच नाही. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. मुद्दाम गाडी पाठवून त्यांना आणलं होतं.

सभा संपल्यावर शेठ हात जोडून त्यांच्याकडे गेला. कंपौंडरांचा मोठा फोटो आजोबांच्या फोटोशेजारी लावायची इच्छा आहे, असं तो म्हणाला. काकूंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्या माझ्याकडे वळल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "नको रे मास्तर. जिते होते तवा ते हितं आले नाय. आता भितीवर टांगलंस तर त्यांना उठून जाता पन येनार नाय."

शेठला नीट ऐकू आलं नव्हतं. "काय म्हणाल्या?" त्याने मला विचारलं.

"नको म्हणतात," मी म्हणालो. "साधी माणसं. त्यांना असलं आवडत नाही."